जमीन नसलेला खेळ

संग्रहालयातल्या बाईंचं खोकं मंगळवारी सकाळी आलं. कामाच्या टेबलावर शेजारणीचा मिक्सर पोट उघडून पडला होता, म्हणून खोकं खुर्चीवर ठेवलं आणि मिक्सर पुरा करूनच त्याला हात लावला. एक काम उघडं असताना दुसरं उघडायचं नाही, हा माझा नियम. मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. जे येतं ते बिघडवून बिघडवून आलेलं आहे, त्यामुळे नियम मात्र पुष्कळ आहेत.

खोक्यात पाच जुने व्हिडिओ गेम होते. बाई संग्रहालयात फसलेल्या खेळांचं दालन उघडणार होत्या. "लोकांना चांगलं बघून बघून कंटाळा आलाय हो," त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "जरा आपटलेलं दाखवू या. हसतील तरी. शनिवारपर्यंत चालू करून द्या, आणि फॉर्म नीट भरा. मागच्या वेळी 'अवस्था' या रकान्यात तुम्ही 'दयनीय' लिहिलं होतं."

पाचही खेळ एकाच सिनेमावरून केलेले. सिनेमात सगळी पृथ्वी पाण्याखाली गेलेली असते, उरलेली माणसं तराफ्यांवर राहतात आणि एक जण कोरडी जमीन शोधत फिरतो. सिनेमा दणकून आपटला. पण तो आपटणार हे कळायच्या आधीच खेळांचे करार झाले होते. त्यामुळे पाच ठिकाणी पाच टोळक्यांनी एकमेकांचं तोंडही न बघता पाच खेळ केले, आणि पाचही सिनेमापेक्षा वाईट निघाले. एकात नायक साबणाच्या वडीसारखा दिसतो. एकात बंदूक आहे, पण मारायला फक्त समुद्रपक्षी. एक डोळ्यांना डबा लावून खेळायचा. त्यात सगळं लाल दिसतं आणि दहाव्या मिनिटाला डोकं धरतं. चौथा संगणकावरचा, त्यात लाटेवर टिचकी मारली की दुसरी लाट येते. एवढंच.

पाचवी कॅसेट खोक्याच्या तळाशी असणार हे मला बाईंचा फोन आला तेव्हाच ठाऊक होतं. ती माझ्या धाकट्या भावाच्या कंपनीनं केली होती. त्यातला समुद्र त्याचा होता.

आई त्याला टिंबू म्हणायची, कारण जन्मला तेव्हा टिंबाएवढा होता. पुढे सहा फूट झाला तरी घरात टिंबूच. सात माणसांची कंपनी, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर. टिंबूकडे पाणी आणि जमीन अशी दोन कामं होती. पाणी झालं. जमिनीची वेळ आली तेव्हा मुदत संपली होती, आणि मालकानं जमीन कापून खेळ बाजारात सोडला. म्हणजे नायक तराफ्यावर बसून जमीन शोधतो, आणि खेळात जमीनच नाही. मासिकात परीक्षण आलं, सगळीकडे हसं झालं, महिन्याभरात कंपनी बंद पडली. त्यानंतर आठवड्यानं एका सकाळी टिंबूनं पायात चपला अडकवल्या, "जरा जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

आमच्या घरात "गेला" हा शब्द त्याच्याबद्दल वापरायचा नाही. "बाहेर आहे" म्हणायचं. पोलिसांनी सात वर्षांनी कागद आणले होते, सही केली की मृत धरता येतं म्हणून. आईनं त्या माणसाला पाणी दिलं, बसवलं, आणि कागद घडी करून त्याच्याच खिशात परत ठेवला.

तर मंगळवारी दुपारी आई झोपल्यावर मी ती कॅसेट खेळाच्या यंत्रात घातली. खेळ सुरू झाला. निळा पडदा, सुरुवातीचं कर्कश संगीत, मग तीन रकाने आणि खाली एक पट्टी. जुन्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. तुम्ही खेळ जिथे सोडलात ते ठिकाण ती जपून ठेवते. आधीच्या मालकाची काही ठिकाणं राहिली असतील तर ती नोंदून घ्यायची, हे फॉर्ममध्येच आहे.

दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा. पहिल्यात लिहिलं होतं : टिंबू. दिवस ८६१२.

मी बराच वेळ हातातला पेचकस खाली ठेवला नाही.

मग विचार करायला लागले, कारण दुसरं काय करणार. कॅसेट कंपनीतल्याच कुणाची असेल. नाव त्यानं स्वतः घातलं असेल. राहिला आकडा. या खेळातला एक दिवस चार मिनिटांचा असतो. आठ हजार सहाशे बारा दिवस म्हणजे पावणेसहाशे तास. हा खेळ कोणी सलग पाच तास खेळला तर त्याला घरच्यांनी डॉक्टरकडे न्यावं. तरी असेल एखादा. यंत्र चालू ठेवून विसरला असेल. असं म्हणून मी कॅसेट खणात ठेवली, जेवले, भांडी घासली, आणि भांडी घासताना माझ्या डोक्यानं मला न विचारताच भागाकार केला. तेवीस वर्षं आणि सात महिने. टिंबू बाहेर पडला त्याला तेवीस वर्षं आणि सात महिने झाले होते.

बुधवारी सकाळी आई उठायच्या आधी यंत्र लावलं, तर आकडा ८६१३ होता.

कॅसेट रात्रभर खणात होती. मी तिचं कव्हर उघडून आतली सर्किटची पाटी भिंगाखाली धरली. काही कॅसेटमध्ये घड्याळाची चिप असते, त्या खणात पडूनही दिवस मोजतात. हिच्यात तशी चिप नव्हती. बसवायला जागाही नव्हती. मग कॅसेटमधली साठवण संगणकात उतरवून घेतली. माझ्याकडे त्याचं यंत्र आहे, मीच जुळवलेलं, आणि ते आजवर चुकलेलं नाही. उतरवलेल्या प्रतीत तिन्ही रकाने रिकामे होते. कॅसेट परत यंत्रात घातली, तर टिंबू जागेवर. बॅटरी मोजली : तीन व्होल्टची होती, दोनवर आली होती. म्हणजे आज-उद्या संपणार आणि सगळं पुसणार.

संध्याकाळी मी टिंबूच्या कंपनीतल्या आवाजवाल्याला फोन केला. खेळातले आवाज त्यानं केले होते. आता तो लोकांच्या कानांना श्रवणयंत्रं बसवतो. कॅसेट संग्रहालयाला त्यानंच दिली होती.

"ताई, ती माळ्यावर पडून होती," तो म्हणाला. "मी उघडलीसुद्धा नाही. कोण उघडेल? स्वतःची फजिती कोणी पुन्हा बघतं का?"

मी त्याला खेळाबद्दल विचारलं. खाली पट्टी असते, त्यात पाण्याची 'खोली ४००' आणि 'माणसं १' असं लिहिलेलं असतं, ते कधी बदलतं का?

तो हसला. "ते आकडे नाहीतच. चित्रं आहेत. आकडे चालवायला वेळ कुठे होता? मी दुपारी रंगवून चिकटवले. आणि ऐका, चालू करणार असाल तर एक सांभाळा. रकाना उघडून नांगर न टाकता यंत्र बंद केलंत, तर रकाना पुसला जातो. त्या चुकीपायी लोकांनी आम्हाला शिव्यांची पत्रं पाठवली होती. आणि तराफा थांबल्याशिवाय नांगर पडत नाही."

"थांबवायचा कसा?"

"बटण सोडलं की थांबतो. तुमचं काय चाललंय, ताई?"

"फॉर्म भरतेय," मी म्हटलं.

गुरुवारी बॅटरी बदलली. याची एक रीत आहे. यंत्र चालू ठेवायचं, म्हणजे कॅसेटला वीज यंत्राकडून मिळत राहते, आणि तेवढ्यात जुनी बॅटरी काढून नवी कथलानं डाखायची. हात हलला तर सगळं संपलं. यासाठी कॅसेट उघडी हवी, यंत्र चालू हवं, आणि टीव्हीवर रकाने दिसत राहायला हवेत, म्हणजे काही बिघडलं तर लगेच कळतं. टीव्ही एकच आहे, पुढच्या खोलीत, आईच्या खुर्चीसमोर. आई दुपारी झोपते. त्या दुपारी ती झोपली नाही.

डाखून झालं. मी मान वर केली तर आई काठी टेकून टीव्हीच्या पुढ्यात उभी होती. ब्याऐंशी वर्षांची आहे. डोळे अधू झालेत, पण पडद्यावरची अक्षरं माझ्या तळहाताएवढी होती.

"हे कुणी लिहिलं?"

मी तिला सगळं सांगितलं. खोटं सांगायला सुचलं असतं तर सांगितलं असतं. आकडा सांगितला, खण सांगितला, घड्याळ नाही ते सांगितलं. आवाजवाल्याचं सांगितलं.

"म्हणजे रोज एक दिवस पुढे जातोय."

"आई, यंत्रात काहीतरी बिघाड..."

"तुला बिघाड सापडला?"

"नाही."

"मग उघड."

"उघडला आणि थांबला नाही तर बंद करता येणार नाही. बंद केला तर पुसला जाईल. न उघडता ठेवला तर निदान नाव तरी राहील, आई. नवी बॅटरी वीस वर्षं पुरेल."

आई खुर्चीत बसली. गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "वीस वर्षं मला काय करायचीत? नाव बघायला मला टीव्ही लागत नाही. तो आहे का ते बघायचंय."

त्या दिवशी मी उघडलं नाही. जेवताना आईला मीठ हवं होतं ते तिनं माझ्याकडे न मागता उठून स्वतः घेतलं. खरं सांगायचं तर मला भीती पुसलं जाण्याची नव्हती. टिंबू घराबाहेर पडला त्या सकाळी मासिकातलं परीक्षण मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. हसत हसत, आवाज काढून. "जमीन घालायला विसरलास होय रे?" असंही म्हटलं होतं. आईला हे ठाऊक नव्हतं. तो आंघोळ करून आला होता, केस ओले होते, आणि त्यानं माझ्याकडे बघून थोडंसं हसल्यासारखं केलं होतं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता, दिवस ८६१५ असताना, मी रकाना उघडला.

समुद्र दिसला. करडा-हिरवा. खेळातली बाकी सगळी चित्रं ओबडधोबड आहेत, पण लाट उठायची, वाकायची आणि आपल्याच अंगावर मोडायची ती अगदी खऱ्या पाण्यासारखी. मधोमध तराफा. त्यावर पाठमोरा माणूस, बोटाच्या पेराएवढा. खाली पट्टी : खोली ४००. माणसं १.

मी कंट्रोलरला हात लावला नव्हता. तराफा चालला होता.

बटणं दाबून बघितली. डावं, उजवं, दाबून, सोडून. काही नाही. वायर काढून पुन्हा घातली. तराफा आपला पडद्याच्या आतल्या बाजूला, आमच्यापासून लांब, चाललाच होता. नांगराचं बटण दाबलं की आवाजवाल्यानं केलेला नकाराचा भोंगा वाजायचा.

"तिकडे कुठे चाललास?" आई म्हणाली. "टिंबू, अरे इकडे ये."

खोली ३९८.

मी पट्टीकडे बघत राहिले. रंगवलेलं चित्र होतं ते. दुपारी रंगवून चिकटवलेलं.

"आई, अजून बोल," मी म्हटलं.

आईला बोल म्हणून सांगावं लागत नाही. तिनं खुर्ची पुढे ओढून घेतली आणि सुरू केलं. समोरच्या इमारतीला रंग दिला ते सांगितलं, तोही कसला, औषधाच्या बाटलीसारखा. त्याची खोली आता माझी कामाची खोली आहे, पण कपाट हलवलेलं नाही. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा काढू देणार नाही, कारण त्या डॉक्टरला बोलायची रीत नाही. मी लग्न केलं आणि मोडलं. "माणूस बरा होता, पण हिला उघडून दुरुस्त करता आला नाही," असं म्हणून ती हसली, आणि मीही हसले. आकडा उतरत होता. ३८०. ३६१. तराफा हळूहळू वळला. आता तो लांब जात नव्हता, आडवा चालला होता.

बाराच्या सुमारास आकडा ३१० वर होता. मी पोळीभाजी ताटात घालून आणली. आई घास घेऊन बोलायला लागली.

"आणि बाबा गेले रे," ती म्हणाली. "तू बाहेर पडलास त्याच्या चौथ्या वर्षी. झोपेत गेले, त्रास नाही झाला."

३१०. मग ३१५. मग एकदम ३४०.

तराफा जागच्या जागी एक गोल फिरला.

"हो, हो," आई पुढे वाकून म्हणाली, लहान मुलाला थोपटावं तशी. "कळलं असतं तर आला असतास. माहीत आहे मला. कोणी काही म्हणत नाही तुला."

आकडा पुन्हा उतरायला लागला.

दुपारभर ती बोलत होती. दोनदा मी तिला गरम पाणी दिलं. ती गप्प झाली की आकडा थांबायचा, आणि जास्त वेळ गप्प राहिली की एकेकानं चढायचा. मी मध्ये फोन बंद करून ठेवला, कारण बाई उद्याची आठवण करायला फोन करत होत्या. २००. १४०. ९०. तराफा आता आमच्या दिशेनं येत होता आणि मोठा होत होता. इतका मोठा माणूस त्या खेळात काढलेलाच नाही. त्याच्या सदऱ्याला चौकडी होती.

चार वाजता आईचा आवाज बसला.

ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं. आकडा १२ वर थांबला.

१३.

१४.

आईनं माझा हात धरला आणि पडद्याकडे बोट केलं.

मी टीव्हीसमोर जमिनीवर बसले. मी आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तूंशी बोललेली बाई, आणि शब्द सुचेना.

१७.

"टिंबू," मी म्हटलं. "मी आहे."

१७.

"त्या दिवशी मी वाचून दाखवलं ते गमतीनं नव्हतं. तुझं काहीतरी मोठं होईल असं मला वाटलं होतं, आणि झालं नाही. त्याचा राग आला होता. तुझा नाही." मग खोटं बोलायला नको वाटलं. "तुझाच. तुझाच आला होता."

१५. ११.

मागे आईची खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही.

"आणि मी सगळं वाचलंच नव्हतं. शेवटची एक ओळ राहिली होती. मुद्दाम सोडली मी. त्यात लिहिलं होतं की पाणी मात्र ज्यानं केलं त्यानं ते खरंच बघितलेलं आहे. एवढंच चांगलं लिहिलं होतं, आणि तेवढंच मी वाचलं नाही."

६.

"छान केलं होतंस रे."

३.

१.

खोली ०.

तराफा थांबला. किनारा नव्हता. दगड नाही, झाड नाही, वाळू नाही. सगळीकडे तेच पाणी, उठणारं आणि मोडणारं. तराफ्यावरचा माणूस आता पडद्याच्या काचेला टेकेल इतका जवळ होता. त्यानं एक पाय उचलला, पुढे टाकला, आणि थांबला. पायरी चढून आल्यावर माणूस थांबतो तसा.

नांगराचं बटण दाबलं. भोंगा वाजला नाही. साखळीचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला, आणि पडद्यावर अक्षरं आली की ठिकाण जपून ठेवलं आहे.

मी यंत्र बंद केलं.

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून फिरवला आणि खुणेनं सांगितलं की भूक लागली आहे. परीक्षणाबद्दल तिनं तेव्हाही विचारलं नाही, आणि आताही विचारणार नाही. ती रात्रभर कूस न बदलता झोपली. गेल्या तेवीस वर्षांत मी तिला तसं झोपलेलं बघितलं नव्हतं.

आज शनिवार. सकाळी यंत्र लावलं तर रकान्यात दिवस ८६१५ होता. शुक्रवारी होता तोच. आकडा पहिल्यांदाच पुढे सरकला नव्हता. आईला सांगितलं तर ती घोगऱ्या आवाजात एकच शब्द म्हणाली, "पोचला," आणि गादीवरची चादर बदलायला लागली. काठी भिंतीला टेकलेली राहिली होती. ती काठीशिवाय चालत होती, होडीत चालावं तसे पाय थोडे फाकवून, जपून, पण एकदाही भिंतीला हात न लावता.

तिला मी एवढंच सांगितलं. खालच्या पट्टीचं सांगितलं नाही. पट्टी रकान्यांच्या पडद्यावरही असते. तिच्यात आवाजवाल्यानं रंगवलेलं ते चित्र आता असं होतं : माणसं ३.

बाईंना फोन करून सांगितलं की चार खेळ न्यायला माणूस पाठवा, पाचवा देता येणार नाही. त्या म्हणाल्या, बरं, तसं फॉर्ममध्ये लिहा. म्हणून कामाच्या टेबलाशी बसले. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. नाव लिहिलं, वर्ष लिहिलं. 'अवस्था' या रकान्यापाशी थांबले आणि विचार करायला पेन्सिल खाली ठेवली. हे टेबल मी स्वतः पाणसळ लावून, जराही उतार न ठेवता बसवलेलं आहे. त्यावर गोटी ठेवली तरी हलत नाही.

पेन्सिल सावकाश घरंगळत माझ्याकडे आली, काठापाशी क्षणभर थांबली, आणि तशीच सावकाश परत गेली.